दुसऱ्या चापाची कैफियत

आमच्या घरी एक बंदूक आहे, हे वाक्य मी सहसा चारचौघांत उच्चारत नाही. उच्चारलं की ऐकणाऱ्याची नजर आधी माझ्या चष्म्यावर जाते, मग पोटावर, मग हातातल्या भाजीच्या पिशवीवर, आणि 'असेल बुवा!' अशा अर्थाचा एक हुंकार त्याच्या घशातून निघतो. बंदूक म्हटली की लोकांना सहा फुटी देह, झुपकेदार मिशा आणि पायाखाली वाघ लागतो. माझ्या पायाखाली आजवर फक्त एक झुरळ आलं आहे, तेसुद्धा त्याच्या चुकीनं.

बंदूक आजोबांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आंब्याफणसांवर उतरणारी वानरं आणि भातात घुसणारी डुकरं यांना चार शब्द सुनावता यावेत म्हणून त्यांनी ती घेतली. शेती संरक्षणाचा परवाना. आजोबांकडून ती वडिलांकडे आली आणि वडिलांकडून माझ्याकडे. बँकेतून निवृत्त होऊन मी गावी राहायला आलो तेव्हा पेन्शन, मधुमेह आणि बंदूक अशा तीन गोष्टी माझ्या नावावर जमा होत्या. वर्षातून एकदोनदा मी अंगणात उभा राहून हवेत बार काढतो. वानरं पलीकडच्या कलमावर जाऊन बसतात आणि पुढे काय होतं ते बघत राहतात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागला की परत येते. मधल्या काळात वानरांनाही आचारसंहिता लागू असती तर फार बरं झालं असतं.

तर ही बंदूक विलायती, बर्मिंगहॅमची, बारा बोअरची आणि शेजारी-शेजारी दोन नळ्यांची. सरकारी कागदावर तिला 'डी.बी.बी.एल.' म्हणतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मला एखाद्या वकिलाची पदवी वाटली होती. तिला दोन नळ्या आहेत आणि दोन चाप आहेत. हा सगळा लेख त्यांतल्या दुसऱ्या चापाविषयी आहे.

त्या बिचाऱ्याची बाजू मांडायची वेळ आली ती आमच्या जावयांमुळे. जावई पुण्याचे. एका क्लबात जाऊन मातीच्या उडत्या बशा फोडतात. मागच्या मे महिन्यात त्यांनी बंदूक हातात घेतली, डोळा लावला, नळ्यांतून आभाळ पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, ह्याला दोन ट्रिगर कशाला? सिंगल करून घेऊ. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे."

'माझ्या ओळखीचा एक माणूस आहे' या वाक्यानं महाराष्ट्रात जितक्या चांगल्या वस्तूंचा सत्यानाश झाला आहे तितका परचक्रानंही झाला नसेल. पण बोलणारे पडले जावई. अधिक महिन्यात ज्याला तेहतीस अनारसे मोजून द्यायचे त्याला तोंडावर 'नाही' कसं म्हणणार? मी 'बघू' म्हणालो. तोंडानं 'बघू' म्हणालो तरी लेखणीनं मात्र 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्य मला घटनेनं दिलेलं आहे आणि ते मी इथं वापरणार आहे.

ज्यांचा बंदुकीशी संबंध दिवाळीतल्या टिकल्यांपुरताच आला असेल त्यांच्यासाठी थोडं शास्त्र. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या अगदी सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. हे माप ज्यानं काढलं तो लाडू वळणाऱ्या घरात वाढलेला असणार. अशा दोन नळ्या. पुढचा चाप ओढला की उजवी नळी उडते आणि मागचा ओढला की डावी. आता कोणी म्हणेल, नळ्या सारख्याच, मग कोणतीही उडेना का! इथंच तर गंमत आहे. नळ्या दिसायला जुळ्या असल्या तरी स्वभावानं सारख्या नाहीत. उजवीचं तोंड मोकळं असतं आणि डावीचं किंचित आवळलेलं. या आवळण्याला चोक म्हणतात. मोकळ्या नळीतून निघालेल्या छर्ऱ्यांपैकी ४० यार्डांवर, ३० इंची वर्तुळात, साधारण ४० टक्के पोहोचतात. पुरती आवळलेली असेल तर सुमारे ७० टक्के. म्हणजे एक नळी जवळच्यासाठी, दुसरी लांबच्यासाठी. एक गोतावळ्यात सढळ हातानं वाटणारी, दुसरी मोजून नेमक्या माणसाच्या हातात देणारी. कुठल्याही चांगल्या संसारात अशी दोन माणसं असतात, आणि दोघांना हाक मारायला दोन वेगळी नावं असतात.

इंग्रजानं हे का केलं? पायाजवळून भुर्रकन उडालेला पक्षी पहिल्या बाराच्या वेळी जवळ असतो आणि दुसऱ्याच्या वेळी लांब गेलेला असतो. म्हणून आधी पुढचा चाप, मग मागचा. पण यॉर्कशरच्या माळांवर हाकारे पक्ष्यांना शिकाऱ्याच्या दिशेनं हाकतात तेव्हा सगळं उलटं होतं. पक्षी आधी लांब असतो आणि मग डोक्यावर येतो. अशा वेळी आधी मागचा चाप आणि मग पुढचा. कोणती नळी आधी हा निर्णय शेवटच्या क्षणी घ्यायचा आणि त्यासाठी बोट एक इंच सरकवायचं. त्याला कळ नको, बटण नको, की कुणाची परवानगी नको.

आमच्या आजोबांनी यॉर्कशर पाहिलं नव्हतं. त्यांनी राजापूरच्या पलीकडचं जगही फारसं पाहिलं नव्हतं. पण दोन चापांचा अर्थ त्यांना लंडनच्या लॉर्डाइतकाच कळला होता. ते उजव्या नळीत बारीक छर्ऱ्यांचं काडतूस घालत आणि डाव्या नळीत मोठ्या गोळ्यांचं. रात्री शेतात खसखस झाली की बोट पुढच्या चापावर. आधी आभाळाकडे नळी करून एक बार, नुसता आवाजाचा. कारण अंधारात खसखसणारी प्रत्येक वस्तू डुक्कर नसते. ती शेजाऱ्याची म्हैस असते, कधी उशिरा परतणारा गडी असतो, आणि एकदा तर गावचे भटजी होते. त्या आवाजानंतरही जे पळालं नाही आणि कंदिलाच्या उजेडात सुळे दाखवत पुढं आलं त्याच्यासाठी मागचा चाप. आजोबा म्हणत, "पुढचा चाप विचारण्यासाठी, मागचा सांगण्यासाठी." आमच्या गावच्या भटजींचा वंश आज चार शहरांत सुखानं नांदतो आहे तो या व्यवस्थेमुळे.

आता जावयांचा एकच चाप बघू.

एका चापाचं खूळ नवं नाही, ते आपल्या जावयांपेक्षा शंभर वर्षांनी मोठं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला विलायतेतल्या बंदूकवाल्यांना एका चापानं झपाटलं. पेटंटांवर पेटंटं निघाली. पण एक विचित्र प्रकार घडू लागला. चाप एकदा ओढला की दोन्ही नळ्या धडाधड उडत. कारागीर तपासून बघत तर यंत्र ठणठणीत. भूतबाधाच म्हणायची! शेवटी उलगडा झाला तो असा : बार उडाला की बंदूक मागं धक्का देते आणि त्या धक्क्यात बोट चापावरून सुटतं. खांदा बंदुकीला परत पुढं लोटतो आणि आवळलेलं बोट पुन्हा चापावर आपटतं. आपण चाप दुसऱ्यांदा ओढला हे त्या बोटाच्या मालकालाही ठाऊक नसतं. घरातले बरेच निर्णय असेच होतात, पण ते असो.

यावर लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसननं १८९४ साली अफलातून तोड काढली. त्यानं तीन ओढींचं यंत्र बनवलं. पहिल्या ओढीला पहिली नळी उडते. दुसरी ओढ ही ती नकळत होणारी. यंत्र ती गुपचूप गिळून टाकतं. तिसऱ्या ओढीला दुसरी नळी. रॉबर्टसनच्या बुद्धीला माझा साष्टांग नमस्कार. त्याची यंत्रं आजही चालतात आणि त्यांची किंमत ऐकून आपलं चालणं बंद होतं. पण हिशेब बघा : दोन बारांना दोन चाप होते. त्यांतला एक काढला आणि त्याची भरपाई म्हणून दोन बारांना तीन ओढी झाल्या. याला प्रगती म्हणायचं असेल तर आमच्या तालुक्याच्या कचेरीतही ती भरपूर झालेली आहे.

पुढं दुसरी जात निघाली. तिच्यात एक छोटं वजन असतं. पहिल्या बाराच्या धक्क्यानं ते सरकतं आणि चापाला दुसऱ्या नळीशी जोडून देतं. ऐकायला सुरेख. पण पहिलं काडतूस दमट निघालं, म्हणजे बार फुसका गेला, तर धक्का नाही. धक्का नाही म्हणून वजन हलत नाही. वजन हललं नाही म्हणून दुसरी नळी भरलेली असूनही मुकी. थोरलीचा बार उडाल्याशिवाय धाकटीचा उडवायचा नाही, हा आपल्याकडचा लग्नाचा जुना नियम या यंत्रानं तंतोतंत पाळला आहे. त्या नियमापायी किती धाकट्या मुली घरात खोळंबल्या हे आपण पाहिलेलं आहे. कोकणातल्या पावसाळ्यात, जिथं पापड आणि माणसं दोन्ही सादळतात, तिथं काडतुसाच्या कोरडेपणावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस शूर म्हणायचा की भोळा? दोन चापांच्या बंदुकीत पहिला फुसका गेला तर बोट मागं सरकतं आणि धाकटीचं कार्य निर्विघ्न पार पडतं.

"पण बाबा, सगळीच यंत्रं धक्क्यावर चालत नाहीत, आणि नळी निवडायची सोयपण येते," असं जावई म्हणाले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. धक्क्यावाचून चालणारी यंत्रं आहेत. सोयही येते. एक चिमुकलं बटण असतं किंवा सेफ्टीचाच खटका डावीउजवीकडे सरकतो. तो सरकवून आधी कोणती नळी ते ठरवायचं. पण कोणत्या बाजूला सरकवला म्हणजे कोणती नळी? नव्या घरातल्या स्विचबोर्डाचा अनुभव घ्या. पंखा लावायला गेलं की दिवा लागतो, दिवा लावायला गेलं की बाल्कनीतला लागतो, आणि हे भर दिवसा, शांत चित्तानं. तिथं समोर डुक्कर उभं नसतं. म्हणजे दुसरा चाप गेला नाहीच, तो फक्त लहान झाला, वर सरकला आणि अंगठ्याच्या ताब्यात गेला. ज्या बोटाला चापाची अक्कल होती त्याच्याकडून काम काढून घेऊन ज्याला फक्त अंगठा उठवायची सवय त्याच्याकडे दिलं.

या वेडाचा कळस अमेरिकन जॉन ब्राउनिंगच्या घराण्यानं गाठला. वरखाली नळ्यांची त्यांची सुपरपोज्ड बंदूक १९३१ साली बाजारात आली. स्वतः जॉन ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यातच वारला होता. बंदुकीचं राहिलेलं काम मुलानं, व्हॅलनं, पुरं केलं. तिच्या एका तऱ्हेत दोन चाप होते आणि त्यांतला प्रत्येक चाप एकेकटा दोन्ही नळ्या उडवू शकत होता! पुढचा दोनदा ओढला तर आधी खालची मग वरची, मागचा दोनदा ओढला तर आधी वरची मग खालची. म्हणजे एकच चाप हवा म्हणणाऱ्यांना कारखान्यानं दोन 'एकच चाप' दिले. सासूसुनांना वेगळी चूल मांडून दिली आणि प्रत्येकीला दोघींचा स्वयंपाक करायला सांगितलं.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे. लोकशाही आहे.

मुद्दा पहिला : वेळ जातो. बोट एक इंच सरकवायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ डोळ्याला दुसरं लक्ष्य सापडायला लागतो. शिवाय जुन्या विलायती बंदुकांचा दस्ता मुठीपाशी सरळ असतो, तो उगाच नव्हे. धक्क्यासरशी हात त्यावरून आपोआप किंचित मागं येतो आणि बोट दुसऱ्या चापावर जाऊन पडतं. ज्यांना खात्री पटत नसेल त्यांनी लॉर्ड रिपन आठवावेत. आपल्याला शाळेत स्थानिक स्वराज्यासाठी घोकावे लागलेले व्हाइसरॉय रिपन नव्हेत, त्यांचे चिरंजीव. बापानं नगरपालिका दिल्या, मुलानं पक्षी मारले. घोडेवाल्या पर्डी बंदुका, प्रत्येकीला दोन चाप, आणि भरून द्यायला पाठीशी माणसं. सँड्रिंगहॅमला त्यांनी एका मिनिटात २८ फेझंट पाडले असं सांगतात. १९२३ साली ते वारले तेही माळरानावर, शिकारीच्या दिवशीच. या कत्तलीचं मला काडीचंही कौतुक नाही. पण एका मिनिटात अठ्ठावीस करणाऱ्याला दोन चापांनी वेळ कमी पडला नाही, मग वर्षात दोन बार काढणाऱ्या मला तो कसा कमी पडावा?

मुद्दा दुसरा : मागचा चाप ओढताना पुढचा बोटाच्या पाठीवर आपटतो. खरं आहे. म्हणून चांगल्या बंदुकीत पुढच्या चापाला बिजागरी असते. मागून दाब आला की तो पुढं झुकून वाट देतो. धाकट्याला वाट देणारा थोरला माणसांत दुर्मिळ झाला, तो बर्मिंगहॅमच्या लोखंडात शिल्लक आहे.

मुद्दा तिसरा : जाड हातमोजे घातले की दोन चाप अडचणीचे होतात. मान्य. रत्नागिरीत हातमोजे फक्त ओव्हनमधून केक काढणाऱ्या सुना घालतात.

मुद्दा चौथा, आणि हा मात्र वजनदार : जगातले सगळे नेमबाज एकाच चापानं खेळतात. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये. त्यात दोन बशा एकदम उडतात आणि दोन बारांत दोन्ही फोडायच्या असतात. तिथं एकच चाप योग्य, मी स्वतः तोच घेईन. बशा कुठून निघणार, कोणत्या अंतरावर फुटणार, सगळं आधी ठरलेलं. तिथं नळी ऐन वेळी निवडायचा प्रश्नच नाही. जावईबापूंनी क्लबात खुशाल एक चाप वापरावा, पदक आणावं, आम्ही पेढे वाटू. पण बशी कधी उलटून अंगावर येत नाही आणि अंधारात बशीच्या जागी भटजी निघत नाहीत. मैदानाचा नियम शेतात आणू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता खरा मुद्दा. दोन नळ्यांच्या जुन्या बंदुकीत यंत्रंही दोन असतात. प्रत्येक नळीची कमान वेगळी, खटका वेगळा, चाप वेगळा. एका दस्त्यावर राहणारी ती दोन स्वतंत्र बिऱ्हाडं आहेत. रात्री दहा वाजता एकाची कमान तुटली तरी दुसऱ्याच्या घरी दिवा असतो. एक चाप बसवला की दोघांचा जिना एकच होतो. सरकारनं जागोजाग एक खिडकी योजना काढली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती एकुलती एक खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद झाली आणि पलीकडे दुसरी खिडकीच नाही हे रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

आणि हे बसवायचं कसं? ज्या लोहारानं ती बंदूक केली त्यानं आत दोन चापांपुरतीच जागा ठेवली. नवं यंत्र बसवायचं तर पोलाद कोरायचं, अक्रोडाच्या दस्त्याचं काळीज पोखरायचं, आणि तेही नेमकं जिथं बाराचा सगळा धक्का येतो तिथं. म्हातारीला कवळी नीट बसावी म्हणून तिचा जबडा तासण्यातला हा प्रकार. जुनी वस्तू जपणारे जाणकार अशा फेरफार केलेल्या बंदुकीकडे बघून जो चेहरा करतात तो मी पाहिलेला आहे. सुतकाला आलेल्या माणसाचा असतो तसा.

मला नव्याचा राग नाही. फोनवर बोटानं दूधवाल्याचे पैसे देतो, मुलीचा चेहरा बघतो. पण हल्ली प्रत्येक गोष्टीला एकच बटण असावं असा जो हट्ट चालला आहे त्याची मला धास्ती वाटते. एकच बटण म्हणजे निवड कुणीतरी आधीच करून ठेवलेली, आपण फक्त दाबायचं. नळ्या दोन आहेत तोवर कोणती उडवायची हे विचारायची जागा बोटाला हवी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरी उडवायची की नाही हेही. नकळत दुसरा बार कधी उडत नाही, तो ओढण्यासाठी बोटाला मुद्दाम प्रवास करावा लागतो. तो प्रवास एका इंचाचा असेल, पण भटजी आणि डुक्कर यांच्यातला फरक ओळखायला आजोबांना तेवढा पुरला. खुद्द सरकारनं २०१९ साली कायदा बदलून माणशी तीन हत्यारांची दोन केली. दोनांचं एक करायला तेही धजलं नाही.

२०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की ते वारसाच्या नावानं करता येतं, आणि त्या वारसांत जावईही बसतात. माझी पंचवीस भरत आली आहेत. बंदूक मी आनंदानं त्यांच्या नावे करून देईन, फक्त सोबत एक कागद जोडीन की दोन्ही चाप जागेवर राहतील. वाटल्यास येत्या अधिक महिन्यात तेहतीसांच्या जागी चौतीस अनारसे वाढीन. अनारशात एकाची भर घालायला माझी हरकत नाही, चापातून एक वजा करायला आहे.